रद्दीतून उभा राहिलेला वाडा

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, तो डोळ्यांपुढे आणा. दगड, विटा, चिखल, त्यावर ओले फडके, फडक्यावर पेरलेले अळीव, असा सगळा थाट असतो. गडावर सिंहासन, सिंहासनावर महाराज, पायथ्याशी तोफ आणि तोफेशेजारी मावळा. गंमत एवढीच की, महाराज उठून उभे राहिले तर त्यांचा जिरेटोप महादरवाजाच्या कमानीला अडेल आणि मावळ्याने हात उंचावला तर बुरुजावरचे निशाण त्याच्या मुठीत येईल. मुलांचे त्यावाचून काही अडत नाही, अडूही नये. पण एखाद्या वर्षी त्यांतला एखादा मुलगा म्हणतो, “आई, यंदा अगदी खऱ्यासारखा करायचा.” त्या दिवशी घरातल्या कर्त्या माणसाच्या खिशाला पहिला धक्का बसतो.

कारण खऱ्यासारखे करावयाचे म्हणजे प्रमाणात करावयाचे, आणि प्रमाणात करावयाचे म्हणजे खास सामान आणावयाचे, अशी आपली समजूत असते. बाजारात तसे सामान मिळतेही. परदेशी बनावटीचे तयार संच मिळतात, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या मिळतात, नखाएवढे प्लास्टिकचे दरवाजे नि खिडक्या मिळतात. त्यांवरची किंमत वाचून मध्यमवर्गीय गृहस्थ ती पुडी जपून जागच्या जागी ठेवतो आणि घरी येऊन मुलाला क्रिकेटची गोडी लावतो.

मी या नादात बरीच वर्षे आहे आणि माझा अनुभव निराळा आहे. “हे सामान कोठे मिळेल हो?” असे जो तो विचारतो. त्याच्या आधी “हे सामान किती जाडीचे हवे?” एवढे स्वतःला विचारले, तर दुकानाची पायरी चढण्याची वेळ क्वचितच येते. जाडी एकदा ठरली की त्या मापाची वस्तू स्वयंपाकघरात, शेजारच्या सुताराकडे किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात पडलेली असतेच. हे कसे, ते मी केलेल्या एका वाड्याच्या आधाराने सांगते.

बोटांनी पाहावयाचा वाडा

पुण्यात नारायण पेठेत आमच्या माहेरचा दोन चौकी वाडा होता. तो पाडून तेथे सदनिकांची इमारत उभी राहावयाची होती. सह्या झाल्या, भाडेकरूंच्या बैठका झाल्या आणि जागा रिकामी करावयास चार महिने उरले. त्यात दोष कोणाचाच नव्हता. तुळया वाळवीने पोखरल्या होत्या आणि पावसाळ्यात माडीवर जागोजाग भांडी मांडावी लागत.

प्रश्न होता आत्याचा. आत्या ८४ वर्षांची. त्याच वाड्यात जन्मली, शाळेत शिक्षिकेची नोकरी केली ती तेथूनच. नजर आता अगदी अधू झाली आहे. भाच्याने वाड्याची पाच-पन्नास छायाचित्रे मोबाइलवर काढून तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, “अरे, मला यात उजेडच नुसता दिसतो. जिना कुठाय?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, तू ती पुठ्ठ्याची घरं करतेस ना? मला एक आपलं करून दे. हात फिरवून बघेन मी.”

या एका वाक्याने सामानाची निवड निम्मीअधिक झाली. कपाटात ठेवावयाची प्रतिकृती नाजूक असली तरी चालते. ही बोटांखाली जावयाची होती. तेव्हा खपल्या निघतील असे प्लास्टर नको, दबेल असा थर्माकोल नको, टोचेल अशी तार नको. थर्माकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्रात २०१८ साली बंदीच आली, पण ती नसती तरी या कामात तो निरुपयोगीच. बोट दाबले की खळगा पडतो आणि कापला की दाणे सुटतात. शिवाय छप्पर आणि माडी झाकणासारखी उचलता आली पाहिजे, नाही तर बोटे माजघरात जाणार कशी?

सहा मिलिमीटरचा फूट

पहिली पायरी प्रमाण ठरविण्याची. मी १:५० घेतले, म्हणजे खऱ्या ५० सेंटिमीटरांचा प्रतिकृतीत एक सेंटिमीटर. जुनी घरे फुटांत बांधलेली असतात, म्हणून फुटाचा हिशेब पाठ करून ठेवावा. या प्रमाणात एक फूट म्हणजे ६ मिलिमीटर. लांब मापांना ६.१ धरावे, म्हणजे शेवटी फरक पडत नाही. आमचा वाडा ४० फूट रुंद आणि ७५ फूट लांब. तो झाला सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर रुंद आणि ४६ सेंटिमीटर लांब. फडताळाच्या एका फळीवर मावेल एवढा.

मग वहीचे पान घेऊन एका बाजूला खऱ्या वस्तू आणि दुसऱ्या बाजूला त्यांची छोटी मापे लिहून काढली. दोन फुटांची भिंत, १२ मिलिमीटर. नऊ इंची खांब, साडेचार मिलिमीटर. चार इंची वासा, २ मिलिमीटर. एक इंच जाडीची फळी, अर्धा मिलिमीटर. खिडकीचा अर्ध्या इंचाचा गज, पाव मिलिमीटर. साडेपाच फुटी माणूस, साडेतेहेतीस मिलिमीटर. हा माणूस सर्वांत आधी पुठ्ठ्यातून कापून घ्यावा आणि काम संपेपर्यंत टेबलावर उभा ठेवावा. दरवाजा केला की त्याला दारात उभे करावे, जिना केला की पायरीशी. चूक-बरोबर तो तत्काळ सांगतो आणि पगार मागत नाही.

इतकी बारीक मापे घ्यावयास सूक्ष्ममापक यंत्र लागेल, असे वाटून घाबरू नये. शाळेच्या पट्टीवर काम भागते. वीस आगकाड्या शेजारी शेजारी चिकटून मांडा आणि एकूण रुंदी मोजून वीसने भागा. तार मोजावयाची तर पेन्सिलीवर वीस वेढे दाटीने घ्या आणि तसेच करा. छपाईच्या साध्या कागदाचा ५०० तावांचा गठ्ठा सुमारे पाच सेंटिमीटर भरतो. म्हणजे एक ताव ०.१ मिलिमीटर. आपल्या प्रमाणात तो झाला भिंतीवरचा अर्ध्या सेंटिमीटरचा गिलावा! हे वहीचे पान हाती असले म्हणजे घरातल्या प्रत्येक टाकाऊ वस्तूकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. कुल्फीची काडी ही कुल्फीची काडी राहत नाही. ती चार इंच जाडीचा ओंडका होते.

घरातलेच कोठार

आता एकेक जिन्नस घेऊ.

वाशांना आगकाड्या. लाकडी आगकाडी सुमारे दोन मिलिमीटर चौरस असते, म्हणजे बरोबर चार इंची वासा. गूळ मात्र आधी कापून टाकावे आणि मुलांच्या हाती बिनगुलाच्याच काड्या द्याव्यात. आगकाड्यांची थोरवी आपल्याकडे अरविंद गुप्तांनी केव्हाच दाखवून दिली आहे. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी आगकाड्या जोडून त्यांनी मुलांना भूमितीचे नाना आकार करावयास शिकविले. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

खांबांना चिनी हॉटेलातून पार्सलाबरोबर येणाऱ्या लाकडी काड्या. त्यांचे जाड टोक साडेचार-पाच मिलिमीटर भरते. किंचित घासले की खांब तयार. खालचा दगडी तळखडा राखी पुठ्ठ्याचे तीन तुकडे एकावर एक चिकटवून होतो. माडीच्या कठड्याला काही टूथपिक फार कामाला येतात. त्यांच्या एका टोकाला कातल्यासारखे कंगोरे असतात. तेवढा भाग कापून घेतला की कठड्याचा कातीव गराद हुबेहूब.

फळ्यांना सुताराकडची विनिअरची कातरण. शोभेच्या प्लायवुडवर चढवितात ते विनिअर सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे असते, म्हणजे नेमकी एक इंची फळी. कपाटे करणाऱ्या सुताराच्या पायाशी त्याच्या पट्ट्या पडलेल्या असतात. दिंडी दरवाजा, जमीन, खिडक्यांची दारे सगळे त्यातून निघते.

भिंतींना पुठ्ठा, पण बारा मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा शोधीत बसू नये. दोन मिलिमीटरचे दोन पापुद्रे घ्यावेत आणि मध्ये आठ मिलिमीटर उंचीचे आडवे-उभे तुकडे लावून पोकळ भिंत करावी. ती हलकी होते, वाकत नाही, आणि कोनाडे-देवळ्या करावयास आत आयती जागा मिळते. पुठ्ठ्याला कापडासारखा धागा असतो; एका दिशेने तो सहज वाकतो, दुसरीकडे अडतो. तुकडा हाती घेऊन दोन्हीकडे वाकवून पाहावा आणि सगळ्या भिंतींचा धागा एकाच दिशेस ठेवावा. नाही तर पावसाळ्यात एक भिंत फुगते, दुसरी फुगत नाही, आणि वाडा कुरकुरू लागतो.

बारीक कामाला लग्नपत्रिका. घरोघर पत्रिकांचा ढीग साचलेला असतो, आणि गणपती छापलेला म्हणून टाकवतही नाही. जाड, गुळगुळीत आणि कडक असा तो कागद चौकटी, पायऱ्या, शहाबादी फरशी या सर्वांना उत्तम. दोन फुटी फरशी म्हणजे बारा मिलिमीटरचा चौकोन. शाई संपलेल्या बॉलपेनने रेघा दाबून ओढल्या की फरशीचे सांधे बोटांना लागतात.

कौलांना चपलांच्या नाही तर मोबाइलच्या खोक्याचा बारीक नळ्यांचा पुठ्ठा. वरचा कागद ओलसर करून सोलून काढला की आतल्या नळ्या उघड्या पडतात. दोन नळ्यांत सुमारे तीन मिलिमीटरचे अंतर असते, म्हणजे खऱ्या मापात अर्धा फूट. देशी नळीच्या कौलांच्या ओळी साधारण तेवढ्याच अंतरावर बसतात. त्याच्या आडव्या पट्ट्या कापून पन्हळीकडून आढ्याकडे एकीवर एक चढवीत नेल्या की छप्पर शाकारले.

मागच्या पडवीला पन्हळी पत्रा होता. खऱ्या पत्र्याच्या दोन पन्हळींत ७५ मिलिमीटरचे अंतर असते. पन्नासाने भागा: दीड मिलिमीटर. आणि दहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टच्या दोन आट्यांतले अंतरही दीडच मिलिमीटर! हॉटेलातून भाजी येते त्या ॲल्युमिनियमच्या भांड्याचा बूड कापून जुन्या रबरी चपलेवर ठेवावा आणि त्यावरून तो बोल्ट दाबून लाटण्यासारखा फिरवावा. पत्रा हां हां म्हणता पन्हळतो. रेघा किंचित तिरप्या उमटतात, त्यांच्या कलानेच पत्रा कापावा. मला या छंदात मिळालेल्या आनंदांत हा बोल्टचा आनंद फार वरचा आहे.

गजांना विजेची लवचिक वायर. तिच्या आतली एकेक तार बहुधा ०.२ मिलिमीटरची असते. एक टोक पकडीत धरून दुसरे चिमट्याने ताणले की ती सरळसोट होते. टोके चौकटीच्या आत पुरली की टोचत नाहीत. माडीच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा. अंगणातल्या झाडाला तुळशीची वाळलेली मंजिरी, मोठ्या झाडाला वाळल्या घोसाळ्याची जाळी. तुळशीवृंदावन खडूतून कोरले आणि त्यावर लाखेचे दोन हात दिले, म्हणजे बोटांना पांढरे लागत नाही.

कैद्यांची गलबते आणि एक ऑस्ट्रेलियन

ही काटकसर आपलाच शोध आहे, असे मात्र समजू नये. फ्रान्सशी युद्ध चालू असता इंग्रजांनी पकडलेले हजारो सैनिक व खलाशी पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथील छावणीत डांबले होते. १७९७ साली ही छावणी उघडली. कैद्यांपाशी वेळ भरपूर आणि सामान शून्य. त्यांनी भटारखान्यातून मिळणारी मांसाची हाडे स्वच्छ करून, घासून, त्यांच्या चिपांतून युद्धनौकांच्या प्रतिकृती केल्या. दोरखंडांना केस वापरले, पेट्यांवर रंगवलेल्या गवताच्या काड्यांची नक्षी जडविली. छावणीच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात हे काम विकले जाई. त्याचा मोठा संग्रह आज पीटरबरोच्या संग्रहालयात आहे.

दुसरे उदाहरण माझ्या अधिक जिव्हाळ्याचे. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून विलायतेत आला. खेड्यांतली गवती छपरांची जुनी घरे एकामागून एक बदलत, पडत चाललेली पाहून तो हळहळला आणि त्याने ती मोजून, प्रतिकृतींत टिपून ठेवण्याचा ध्यास घेतला. प्रमाण सुमारे १:७६, सामान मुख्यतः कार्ड आणि जलरंग. त्यातून ऑक्सफर्डशर परगण्यातील लाँग विटनहॅम या गावी १९५४ साली पेंडन संग्रहालय सुरू झाले. आज ते घर पाहावयास तेथे कोणी गेला तर बागेतला भाजीचा वाफासुद्धा जागेवर सापडतो. घर वाचविणे एकट्या माणसाच्या हाती नव्हते. त्याचे माप वाचविणे होते.

बाजाराची वाट

घरात जे मिळत नाही त्यासाठी बाहेर पडावे, पण छंदाच्या सामानाच्या दुकानात सर्वांत शेवटी जावे. पहिला नमस्कार बाइंडरला. पुस्तके बांधणाऱ्याकडे राखी पुठ्ठ्याची कातरण निघते, ती त्याच्या लेखी रद्दी असते. दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या त्याला नकोशा, आपल्याला भिंतभर. दुसरा नमस्कार सुताराला, तिसरा मोटारी रिवाइंड करणाऱ्याला. त्याच्याकडे तांब्याच्या तारेचे नाना जाडीचे तुकडे असतात. चौथा शिंप्याला, नव्या शर्टाच्या घडीत कॉलरखाली जी पारदर्शक पट्टी असते ती त्याच्याकडे वा कपड्याच्या दुकानात मागावी, खिडकीची तावदाने होतात.

पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी म्हणजे खिळे, स्क्रू, बोल्ट, जाळ्या, दोऱ्या यांची खाण. मुंबईकरांना लोहार चाळ आणि चोरबाजार सांगावयास नकोतच. जुन्या बाजारात मी एकदा घड्याळजीच्या चिमट्यासाठी गेले आणि घासून पातळ झालेली कानस घेऊन आले. ती कानस आजही माझा उजवा हात आहे.

एक युक्ती सांगते. कोणाच्याही दुकानात “टाकाऊ काही आहे का?” असे विचारू नये, माणूस कोपऱ्यातला कचरा दाखवितो. खिशातून वाड्याचा एखादा तयार खांब किंवा दरवाजा काढून गल्ल्यावर ठेवावा आणि “याला लावायला अमुक जाडीचे हवे आहे,” म्हणावे. आमच्या पेठेतल्या सुताराने तो इवला दिंडी दरवाजा तळहातावर घेऊन दोनदा उघडला, मिटला, आणि विनिअरची आख्खी गुंडाळी माझ्या पिशवीत घातली. वर म्हणाला, “ताई, बिजागरी मात्र आतून घ्या. आपल्याकडं तशीच असते.” पैशाने हे ज्ञान मिळाले नसते.

जेथे हात आखडू नये

तीन वस्तूंत काटकसर करू नये. एक, कटरचे पाते. बोथट पाते पुठ्ठा कापीत नाही, फाडते. जोर लावावा लागतो आणि जोर लावला की बोटावर येते. मुलांना काम देताना तर नवे पातेच द्यावे आणि शेजारी बसावे. दोन, पोलादी पट्टी. प्लास्टिकच्या पट्टीची कड पाते खाते आणि चौथ्या रेघेपासून वाड्याच्या भिंती लाटा मारू लागतात. तीन, डिंक.

डिंकाचे थोडे सविस्तर सांगावयास हवे. आपल्या आज्या कणकेची खळ करीत. बाइंडर आजही करतात आणि तीत किडीसाठी मोरचूद घालतात. खळ स्वस्त खरी, पण पिठाच्या वासाने कसर येते, झुरळे येतात, आणि मोरचूद पडले विषारी. बोटांनी चाचपावयाच्या वस्तूला ते नको. १९५९ पासून आपल्या घराघरांत आलेले फेविकॉल येथे बरे. ते पातळ थराने लावावे. पुठ्ठ्याच्या एकाच अंगाला कागद चिकटवला की वाळताना तो त्या बाजूस ओढला जाऊन वाकतो. म्हणून दोन्ही अंगांना कागद लावावा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवावा. विश्वकोशाचे खंड याकामी नामी आहेत.

सगळे जुळले की लाखेचा हात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कुंचल्याने दोनदा फिरवली की पुठ्ठा कडक होतो आणि दमट हवेला दाद देत नाही. एवढेच की, स्पिरिट चटकन पेट घेते. हे काम गॅसपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून करावे.

नऊवारीचा चौक

पुढचा चौक टेपने मोजता आला. मागचा चौक मोजावयास नव्हताच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचा लोंढा पेठांतून फिरला, त्यात आमच्या वाड्याची मागची बाजू बसली ती पुन्हा उभी राहिली नाही. त्याचे छायाचित्र नाही, नकाशा नाही. होती ती फक्त आत्या, जी त्या वेळी विशीत होती.

“आत्या, मागचा चौक केवढा होता गं?” मी विचारले.

“केवढा म्हणजे? मध्यम.”

मध्यमाला पन्नासाने भागता येत नाही. मग मी विचारण्याची तऱ्हा बदलली. “तिथे तुम्ही काय काय करीत होतात?” हे विचारल्यावर झरा फुटला. “आईचं नऊवारी दुहेरी करून दांडीवर टाकलं की या खांबापासून त्या खांबापर्यंत बरोब्बर पुरायचं. पदर जमिनीला लागला तर बोलणी बसायची.” नऊ वार म्हणजे २७ फूट, दुहेरी केल्यावर साडेतेरा. माझ्या वहीत लगेच लिहिले: ८२ मिलिमीटर. “आणि जिन्याच्या पायऱ्या?” “अकरा. पाण्याची कळशी घेऊन मोजल्यात मी. घोट्यापासून वीतभर उंच एकेक.” पायरी नऊ इंची धरली तर अकरा पायऱ्यांची उंची सव्वाआठ फूट होते. पुढच्या चौकातल्या उभ्या माडीची उंची टेपने भरली, तीही सव्वाआठ फूट! साठ वर्षांपूर्वी पडलेला जिना असा आपल्या मापाने परत आला.

रंगाला पैसे पडले नाहीत. छपरावरची फुटकी कौले खाली रचली होती. त्यांतले एक खलबत्त्यात कुटले, वस्त्रगाळ केले आणि त्या भुकटीत पाणी घातलेले फेविकॉल कालवून छपरावर फिरवले. भिंतींना त्याच भिंतींच्या चुन्याची पूड. हुबेहूब रंग शोधण्याचा यापरता स्वस्त उपाय मला माहीत नाही: ज्याची प्रतिकृती करावयाची त्याचाच चिमूटभर अंश घ्यावा.

शेवटी आत्याने एक मागणी केली. पूर ओसरल्यावर आजोबांनी पाणी जेथवर चढले होते तेथे, पुढच्या चौकाच्या भिंतीत, एक खिळा ठोकला होता. “तो खिळा घाल. जमिनीपासून सात फुटांवर.” सात फूट म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर, ते ठीक. पण खिळ्याचे डोके या प्रमाणात केसाच्या टोकाएवढे होते. ते बोटाला लागणार नाही. तेथे मी मुद्दाम टाचणीचे आख्खे डोके बसविले. माझ्या पुठ्ठ्याच्या माणसाशेजारी ते ताटलीएवढे दिसते. सबंध वाड्यात प्रमाण मोडले ते या एका जागी. मुलांच्या किल्ल्यात महाराज महादरवाजाहून उंच का असतात, ते मला त्या दिवशी नीट कळले.

जमाखर्च

वाडा आत्याच्या हाती दिला त्या दिवशी तिने आधी छप्पर चाचपले, मग माडी उचलून बाजूला ठेवली. दिंडीतून दोन बोटे आत गेली, ओसरी चढली, माजघरात थबकली, भिंतीवरून सरकत टाचणीपाशी आली. तेथे ती बराच वेळ होती. मग म्हणाली, “पाणी इथवर होतं,” आणि शेजारी बसलेल्या माझ्या नातवाला त्या दिवसाची हकीकत सांगू लागली. ती हकीकत मीसुद्धा इतकी सविस्तर ऐकली नव्हती.

आता हिशेब. पोलादी पट्टी, कटर आणि पाती, फेविकॉल, लाख आणि स्पिरिट, पुठ्ठ्याचे दोन मोठे ताव, एक बोल्ट आणि खालची प्लायवुडची फळी, मिळून खर्च हजार रुपयांच्या आत. बाकीचे सगळे फुकट किंवा ओळखीवर. वेळ मात्र चार महिन्यांच्या संध्याकाळी. तो मी हिशेबात धरलेला नाही, कारण तो टीव्हीच्या खात्यातून काढला.

वाडा आता नाही. तुमच्याही घरात, गावात, आजोळी एखादे घर निघण्याच्या वाटेवर असेल. प्रतिकृती करा अगर करू नका. पण रिकामे करण्यापूर्वी टेप लावून पाच मापे टिपून ठेवा: लांबी, रुंदी, मजल्याची उंची, दाराची उंची आणि पायऱ्यांची संख्या. आणि जे पडून गेले आहे त्याचे माप घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. “केवढे होते” असे विचारू नका, “तेथे काय करीत होतात” असे विचारा. एवढे असले की बाकीचे कधीही उभे करता येते.

सामानाची चिंता नको. या दिवाळीत घरी फराळाची, मिठाईची, चपलांची खोकी येतीलच. ती रद्दीत टाकण्यापूर्वी एक कोपरा ओला करून सोला आणि नळ्यांवर पट्टी ठेवा. तीन मिलिमीटर भरले तर तुमचे छप्पर घरात आले.